निसर्गेतिहास संग्रहालयातल्या कौटुंबिक कार्यशाळा: निवडाव्यात कशा, आणि पालकांनी तिथे नेमके काय करावे?

भिंगधारी (प्रश्न)

नमस्कार. मुलांना घेऊन निसर्गेतिहास संग्रहालयांच्या कार्यशाळांना नियमित जाणाऱ्या सदस्यांचे, आणि कोणी अशा कार्यशाळा घेत असल्यास त्यांचेही, मत हवे आहे. प्रश्न लांबला आहे, त्याबद्दल आधीच क्षमस्व.

गेल्या वर्षभरात मी, पत्नी, ११ वर्षांची मुलगी, ६ वर्षांचा मुलगा आणि माझी आई असे आम्ही पाच जण एका संग्रहालयाच्या चार निरनिराळ्या उपक्रमांना गेलो. पहिला उपक्रम प्लास्टरचा अमोनाइट, म्हणजे एका नामशेष सागरी प्राण्याचा वेटोळा शंख, तयार करण्याचा होता. रबरी साचे आधीच मांडून ठेवलेले होते; मुलांनी त्यांत कालवलेले प्लास्टर ओतले, अर्ध्या तासाने पांढरेशुभ्र वेटोळे बाहेर आले, त्याला रंग दिले आणि सगळे खूश होऊन घरी आले. रात्री मुलाला सहज विचारले, की या वेटोळ्यात कोणता प्राणी राहत असे, तर त्याने पूर्ण आत्मविश्वासाने उत्तर दिले, "प्लास्टरचा." आम्हाला हसू आले, पण चूक त्याची नव्हती. दीड तासात त्याला खरा अमोनाइट कोणी दाखवलाच नव्हता, आणि तो शेजारच्याच दालनात असूनही मीदेखील त्याला तिथे नेले नव्हते.

दुसरा उपक्रम चित्रकलेचा होता. सांगाड्यांच्या दालनात घडीची स्टुले, फळीला लावलेले कागद आणि पेन्सिली, एवढेच साहित्य. मुलगी जिराफासमोर बसली आणि मानेचे मणके काढता काढता थबकली, कारण ते अवघे ७ भरत होते. आपले काहीतरी चुकले असेल असे वाटून तिने पुन्हा मोजले, मग उठून शेजारच्या लहानशा हरणाचे मोजले, मग माणसाच्या सांगाड्याचे मोजले, आणि सगळीकडे ७च निघाले. माझ्या आईने तेव्हा तिचा हात धरून, मान खाली घातल्यावर मानेच्या तळाशी बोटांना जो उंचवटा लागतो तो तिला चाचपायला लावला आणि म्हणाली, "हा तुझा सातवा." चित्र अर्धेच राहिले, परंतु त्या दिवसाची आठवण घरात अजून निघते.

तिसरा उपक्रम म्हणजे २० चौकटींचा एक कागद. दालनात ती ती वस्तू शोधायची आणि खूण करायची. मुले एका कपाटाकडून दुसऱ्या कपाटाकडे नुसती धावली. चौथी कार्यशाळा घुबडाने तोंडावाटे बाहेर टाकलेल्या, न पचलेल्या केसांच्या आणि हाडांच्या गोळ्या उकलण्याची होती. वयोमर्यादा ८ वर्षांपुढची होती, तरीही "बसेल शांतपणे" असे म्हणून आम्ही मुलालाही आत नेले. दहाव्या मिनिटाला त्याला ते सगळे असह्य झाले, मी त्याला घेऊन बाहेर बाकावर बसलो, आणि मुलीच्या हाती काय लागले ते मला पाहायलाच मिळाले नाही.

तर कार्यशाळेच्या जाहिरातीवरून ती पहिल्या प्रकारची आहे की दुसऱ्या, हे आधी ओळखता येते का? वयोमर्यादा कितपत गांभीर्याने घ्यावी? पालकाने मुलाशेजारी बसावे की बाजूला व्हावे? आणि दोन प्रश्न मुलांचे आहेत. मुलगा विचारतो, की डायनोसॉरचा सांगाडा प्लास्टरचा असेल तर तो खोटाच नाही का? मुलगी विचारते, की एका टेबलावर कवटी हातात देतात आणि दहा पावलांवरच्या पेंढा भरलेल्या कोल्ह्याला मात्र बोटही लावू देत नाहीत, असे का? दोघांनाही मी गोलमाल उत्तरे दिली आहेत.

काचेआडून (प्रतिसाद)

नमस्कार. मी अशाच एका संग्रहालयाच्या शिक्षण विभागात बरीच वर्षे काम करते, त्यामुळे हा प्रतिसाद थोडासा आतल्या बाजूचा समजावा.

जाहिरातीवरून ओळखणे अवघड असते, कारण जाहिरातीत मूल घरी काय घेऊन जाणार ते लिहिलेले असते, ते काय पाहणार ते लिहिलेले नसते. म्हणून नोंदणी करताना एकच प्रश्न विचारावा: "संग्रहातली कोणती वस्तू मुलांच्या हातात किंवा समोर असेल, आणि किती वेळ?" उत्तर देणारी व्यक्ती लगेच "तीन खरे अमोनाइट, एक कापून घासलेला, प्रत्येक टेबलावर पंधरा मिनिटे" असे काही सांगू लागली तर खुशाल जावे. "साहित्य आम्ही पुरवतो" एवढेच उत्तर आले, तर ती हस्तकलेची दुपार आहे. तीही वाईट नसते, फक्त ती कुठेही होऊ शकते.

तुमच्या अमोनाइटच्या कार्यशाळेत जे हुकले ते मला जास्त बोचले, कारण ही कार्यशाळा नीट घेतली तर फार सुंदर होते. रबरी साचा हातात दिला की तिचा अर्धा जीव जातो. मुलाने आधी खरा अमोनाइट हातात घ्यावा, त्याचे वजन जाणवून घ्यावे, मग तो मऊ मातीत दाबावा आणि अलगद उचलावा. मातीत उरलेल्या खळग्याकडे पाहत थोडे थांबावे, कारण कित्येकदा खडकातही तसेच घडलेले असते: शंख गाळात गाडला गेला, कालांतराने विरघळून गेला, त्याच्या आकाराची पोकळी मागे राहिली आणि पुढे दुसऱ्या खनिजांनी ती भरून काढली. आपण प्लास्टर ओततो ते त्या खनिजांचेच काम काही मिनिटांत करून पाहत असतो. हे ६ वर्षांच्या मुलाला शब्दांत सांगावे लागत नाही, रिकामा खळगा पाहून तो स्वतःच विचारतो, की शंख कुठे गेला. कापून घासलेला अमोनाइट जवळ असेल तर त्यातले कप्पे दाखवावेत. प्राणी राहत असे तो सर्वांत बाहेरच्या, शेवटच्या कप्प्यात. मागचे कप्पे पाण्यात तरंगण्याच्या कामी येत. तो गोगलगाईचा नव्हे, तर माकूळ आणि ऑक्टोपस यांचा नातेवाईक होता आणि सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, पक्षी सोडून बाकीचे डायनोसॉर गेले त्याच सुमारास, तोही नाहीसा झाला. तुमच्या चिरंजीवांना "प्लास्टरचा" याऐवजी "माकुळाचा लांबचा भाऊ" हे उत्तर नक्की आवडेल.

जाता जाता एक सावधगिरीची सूचना. प्लास्टर म्हणजे भाजून बरेचसे पाणी घालवलेले जिप्सम. पाणी मिळताच ते पुन्हा जिप्सम होऊ लागते आणि तसे होताना उष्णता बाहेर टाकते. लहानशा साच्यात ती केवळ कोमट लागते आणि मुलांना त्याची गंमत वाटते, परंतु हाताचा ठसा घेण्यासाठी मुलाचा हात प्लास्टरच्या भांड्यात बुडवून ठेवायला कोणी सांगितले तर स्वच्छ नकार द्यावा. जाड थरात हात गंभीर भाजू शकतो.

आता "खोटा" या शब्दाविषयी. लंडनच्या निसर्गेतिहास संग्रहालयातला, लाडाने "डिप्पी" म्हटला जाणारा डिप्लोडोकस पूर्णपणे प्लास्टरचा आहे. अमेरिकेतले उद्योगपती अँड्रयू कार्नेगी यांनी भेट दिलेली ही प्रतिकृती १९०५ मध्ये तिथे उभी राहिली, म्हणजे मूळ हाडांचा सांगाडा पिट्सबर्गमध्ये उभा राहण्याच्याही २ वर्षे आधी. नंतर तशाच प्रतिकृती इतर देशांतही गेल्या. जीवाश्म झालेली हाडे दगडासारखी जड आणि ठिसूळ असतात, ती तोलून धरणे कठीण असते, शिवाय संशोधकांना ती पुन्हा पुन्हा काढून पाहायची असतात; म्हणून प्रतिकृती उभी करून मूळ हाडे कपाटात ठेवणे हे लबाडीचे नव्हे तर काळजीचे लक्षण आहे. त्याच लंडनच्या दालनात २०१७ पासून डिप्पीच्या जागी निळ्या देवमाशाचा २५ मीटर लांबीचा सांगाडा टांगलेला आहे, आणि तो खऱ्या हाडांचा आहे. मुलाला मी असे म्हणेन: "खोटा" म्हणजे जो फसवतो तो, "प्रतिकृती" म्हणजे जी कोणाची आहे हे सांगून उभी राहते ती. मग त्यालाच माहितीफलक वाचून कोणते हाड खरे आणि कोणते भरलेले हे शोधू द्यावे. पुष्कळ सांगाड्यांत दोन्ही असतात आणि रंगातला फरक मुलांच्या डोळ्यांना आमच्याआधी दिसतो.

मुलीच्या प्रश्नाचे उत्तर दुहेरी आहे. एक तर हाताच्या घामाने आणि तेलाने केस व कातडी खराब होतात. दुसरे कारण अधिक रोचक आहे: जुन्या काळी कातडी टिकवण्यासाठी आर्सेनिकयुक्त साबण चोळत असत. १८ व्या शतकात फ्रान्समध्ये निघालेली ही युक्ती पुढे जगभर पसरली आणि २० व्या शतकातही बराच काळ वापरात राहिली. त्यामुळे काच कोल्ह्याचे आपल्यापासून आणि आपले कोल्ह्यापासून असे दोन्ही बाजूंनी रक्षण करते. टेबलावर हातात दिली जाणारी कवटी वेगळ्या, हाताळण्यासाठीच राखलेल्या संग्रहातली असते, आणि ती कधीतरी पडणार, फुटणार हे आम्ही गृहीत धरलेले असते.

वयोमर्यादेबद्दल मात्र मी कठोर आहे. घुबडाच्या गोळ्यांची कार्यशाळा घेताना आम्ही ती वासासाठी घालत नाही, बोटांसाठी आणि चिकाटीसाठी घालतो. घुबड उंदरासारखे भक्ष्य बहुधा आख्खे गिळते; केस आणि हाडे पचत नाहीत, त्यांची जठरात गोळी होते आणि ती तोंडावाटे बाहेर पडते. ससाण्याच्या मानाने घुबडाच्या जठरातले आम्ल सौम्य असते, म्हणून त्याच्या गोळीत नाजूक हाडेही शाबूत सापडतात. पण "शाबूत" म्हणजे काय, तर नखाएवढा जबडा. तो करड्या केसांच्या गुंत्यातून सुई आणि चिमट्याने मोकळा करायला पाऊण तास लागतो, आणि घाई केली की तुटतो. तुमच्या मुलीला बहुधा उंदराच्या कुळातल्याच एखाद्या प्राण्याची कवटी मिळाली असेल. तिला विचारा, की पुढचे दात नारिंगी होते का? त्यांच्या बाहेरच्या आवरणात लोह असते, त्यामुळे तो रंग येतो आणि दात कणखर होतात. गोळ्या आधी उष्णता देऊन जंतुमुक्त केलेल्या आहेत ना, हे मात्र पालकांनी जरूर विचारावे, आणि नंतर मुलांनी साबणाने हात धुतल्याशिवाय तोंडात काही घालू नये. न तापवलेल्या गोळ्यांमुळे मुले आजारी पडल्याची उदाहरणे आहेत.

पायदुखी (प्रतिसाद)

वरच्या सविस्तर प्रतिसादात माझी एक लहानशी, पण अनुभवाने पक्की झालेली भर. संग्रहालयात येणारा थकवा हा आळस नव्हे. बॉस्टनच्या कलासंग्रहालयाशी संबंधित बेंजामिन गिलमन यांनी १९१६ मध्येच त्यावर लेख लिहिला होता, आणि कपाटातली वस्तू पाहण्यासाठी माणसाला किती वाकावे, वळावे आणि उकिडवे बसावे लागते याची छायाचित्रे सोबत जोडली होती. मोठ्यांची ही गत, तर ६ वर्षांच्या मुलाची कल्पना करावी. कार्यशाळा असेल त्या दिवशी दालने एक किंवा दोनच पाहावीत, आणि तीही कार्यशाळेच्या आधी नव्हे तर नंतर, कारण हातात घेतलेल्या वस्तूची बहीण काचेत दिसली की मूल आपणहून थांबते.

आणखी एक. गोंगाट आणि गर्दी सहन न होणाऱ्या मुलांसाठी काही संग्रहालये दरवाजे उघडण्यापूर्वी शांत वेळ राखून ठेवतात. लंडनमध्ये "डॉनोसॉर्स" नावाने असा उपक्रम चालतो. तुमच्या मुलाला त्या दिवशी वासापेक्षा गर्दीचा त्रास झाला असण्याचीही शक्यता आहे, तर त्याला एकदा विचारून पाहावे.

गारगोटी (प्रतिसाद)

मी सेवानिवृत्तीनंतर एका संग्रहालयात स्वयंसेवक म्हणून "ओळख-टेबला"वर बसतो. हा उपक्रम फारसा कोणाच्या नजरेत भरत नाही, म्हणून त्याविषयी लिहितो. ठरलेल्या दिवशी कोणीही आपल्याला सापडलेली वस्तू घेऊन यावे, आणि आम्ही भिंग, चुंबक, मोजपट्टी व थोडेफार नमुने घेऊन ती ओळखण्याचा प्रयत्न करावा, एवढेच त्याचे स्वरूप. नोंदणी बहुधा लागत नाही, वयोमर्यादा नसते आणि घरी न्यायला काही मिळत नाही. माझ्या मते ६ वर्षांच्या मुलासाठी याहून चांगला कौटुंबिक उपक्रम नाही, कारण येथे वस्तू त्याची असते आणि परीक्षा आमची असते.

टेबलावर येणाऱ्या वस्तूंचे काही ठरलेले प्रकार आहेत. उल्का म्हणून येते ते बहुतेक वेळा भट्टीतले धातुमळ असते, आणि त्यातल्या फुग्यांच्या खड्ड्यांवरून ते ओळखू येते. नेच्याचे जीवाश्म म्हणून येतात ते दगडाच्या भेगेत मँगनीजच्या ऑक्साइडांनी काढलेले नक्षीकाम असते. हुबेहूब पानासारखे दिसते, पण पानाशी त्याचा काही संबंध नसतो. आणि डायनोसॉरचे अंडे म्हणून येतो तो गोटा.

अशाच एका गोट्याची गोष्ट सांगतो. सातेक वर्षांचा मुलगा तो मोज्यात गुंडाळून घेऊन आला होता. त्याने मोजा सोडायला सुरुवात केली आणि त्याच्या वडिलांनी लगेच "आम्हाला ठाऊक आहे हो, दगडच आहे, पण हा ऐकत नाही" असे म्हणून विषय संपवायला घेतला. मी मुलाला भिंग दिले आणि एका पक्ष्याच्या अंड्याचे कवच दाखवले: त्यावरची बारीक छिद्रे, आणि तुटलेल्या कडेला सगळीकडे सारखीच दिसणारी जाडी. मग म्हटले, आता तुझ्या अंड्यावर यातले काय दिसते ते मला सांग. तो बराच वेळ गोटा फिरवत राहिला. "छिद्रे नाहीत," असे शेवटी म्हणाला, आणि थोड्या वेळाने, "पण याला कांद्यासारखे पापुद्रे आहेत." हे त्याने अचूक टिपले होते. गाळात एखाद्या कणाभोवती खनिजांचे थरावर थर बसत जाऊन असे गोटे तयार होतात. अंडे गेले, परंतु गोटा कसा वाढला हे त्याने स्वतः शोधले होते, आणि मोज्यात घालून तो परत नेताना त्याचा चेहरा उतरलेला नव्हता. त्याचे वडील एव्हाना माझ्याच भिंगातून पापुद्रे पाहत होते. पालकाने शेजारी बसावे की दूर, या प्रश्नाला माझे उत्तर एवढेच आहे, की शेजारी बसावे, पण मुलाच्या आधी उत्तर देऊ नये.

वस्तू आणताना एक गोष्ट सोबत हवी: ती कुठे आणि कधी सापडली याची चिठ्ठी. ठिकाण ठाऊक नसलेल्या नमुन्याचे शास्त्रीय मोल फार घटते. याचे मला आवडणारे उदाहरण मेरी ॲनिंग यांचे आहे. इंग्लंडच्या लाइम रीजस येथील समुद्रकड्यांतून त्या जीवाश्म काढत. काही विचित्र वळ्यांचे दगड इक्थिओसॉर या प्राचीन सागरी सरीसृपाच्या सांगाड्यात नेमके पोटाच्या जागी पडलेले असतात आणि फोडले तर आत माशांचे खवले आणि हाडे निघतात, हे त्यांच्या लक्षात आले होते. १८२९ मध्ये भूशास्त्रज्ञ विल्यम बकलंड यांनी त्या दगडांना "कोप्रोलाइट" असे नाव दिले, अर्थात अश्मीभूत विष्ठा. तोच दगड नुसता टेबलावर ठेवला असता तर तो केवळ एक वेडावाकडा दगड ठरला असता. कुठे पडला होता यावरून तो कळला. हे उदाहरण लहान मुलांना कधीही विसरायला होत नाही, याचे कारण सांगायला नको.

मात्र पिसे, घरटी, अंडी, शंख असे काही उचलण्यापूर्वी आपल्याकडच्या कायद्याची माहिती घ्यावी. काही देशांत रानपक्ष्याचे गळालेले पीस बाळगण्यावरही बंदी आहे. तिथे छायाचित्र पुरते. ११ वर्षांच्या मुलीसाठी तर मी नोंदींचा उपक्रमच सुचवेन. ठरावीक जागेत ठरावीक वेळात जितकी जीवजाती सापडेल तितकी नोंदवायची, अशा "बायोब्लिट्झ"ची सुरुवात १९९६ मध्ये वॉशिंग्टनमधल्या एका उद्यानात झाली. २०१६ मध्ये लॉस एंजेलिस आणि सॅन फ्रान्सिस्को येथील दोन निसर्गेतिहास संस्थांनी आपापल्या शहरांमध्ये अशी चुरस लावली, आणि आज त्या स्पर्धेत जगभरची शहरे भाग घेतात. मणके तीनतीनदा मोजणारी मुलगी अशा ठिकाणी रमेल.

उलटतपासणी (प्रतिसाद)

वरची मते वाचून थोडा विरोधी सूर लावण्याची इच्छा होते. प्रत्येक भेटीतून मुलाने काहीतरी "पाहिलेच पाहिजे" ही आपली, म्हणजे पालकांची, हाव आहे. ६ वर्षांचा मुलगा कपाटाकपाटांतून धावतो तेव्हा तो इमारत ओळखीची करून घेत असतो. पुढच्या वेळी तो तुम्हाला हात धरून थेट आपल्या आवडत्या कपाटापाशी नेईल. म्हणून त्या २० चौकटींच्या कागदाला मी सरसकट दोष देणार नाही. दोष असेल तर प्रश्नांत आहे. "देवमासा शोधा" या चौकटीला काही अर्थ नाही, तो छतभर पसरलेला असतो. पण न्यूयॉर्कच्या निसर्गेतिहास संग्रहालयात टांगलेल्या निळ्या देवमाशाच्या प्रतिकृतीला बेंबी आहे. ही प्रतिकृती १९६९ ची. बेंबी तिला २००३ च्या दुरुस्तीत मिळाली. आता कागदावर "देवमाशाची बेंबी शोधा" असे लिहा आणि पाहा. मूल आधी खाली पडून वर बघेल, मग माशाला बेंबी कशी असेल म्हणून भांडेल, आणि मग हा मासा नव्हेच, हे कोणी न शिकवता त्याच्या ध्यानात येईल. असे चार प्रश्न असले तर वीस चौकटी लागत नाहीत.

दुसरी गोष्ट जरा अवघड आहे, पण प्रश्नकर्त्याला मुलगा आणि मुलगी दोन्ही असल्यामुळे लिहितो. कॅलिफोर्नियातल्या एका बालसंग्रहालयात विज्ञानाच्या मांडण्यांजवळ पालक आणि मुले काय बोलतात याचे ध्वनिचित्रण करून केलेला एक अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. यंत्र कसे चालवायचे हे पालक दोघांनाही सारखेच सांगत होते, परंतु जे दिसते ते तसे का होते याचे स्पष्टीकरण मुलींच्या तुलनेत मुलांना सुमारे तिप्पट वेळा देत होते. आणि यातली कित्येक मुले शाळेत जाण्याच्या वयाचीही नव्हती. स्वतः स्पष्टीकरण देणाऱ्या एकाही पालकाला आपण असे करतो हे सांगितले असते तर पटले नसते, असे मला वाटते. मलाही माझ्याबाबतीत पटले नव्हते.

भिंगधारी (प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद)

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला उशीर झाला, कारण मधल्या काळात आम्ही एकदा पुन्हा जाऊन आलो आणि त्यानंतरच लिहायचे असे ठरवले होते.

प्रथम कबुली. "उलटतपासणी" यांचा शेवटचा परिच्छेद वाचून मी नाराज झालो होतो. मग दालनात गेल्यावर स्वतःकडे लक्ष ठेवले. मुलाला अमोनाइटचे कप्पे दाखवून ते कशासाठी हे मी पाच मिनिटे समजावले. मुलगी आली तेव्हा "बघ, किती छान कापलाय" एवढेच म्हणालो. पत्नीने काही न बोलता माझ्याकडे पाहिले. त्यानंतरचा अर्धा तास मी गप्प राहून दोघांनाही केवळ "तुला काय दिसते?" असे विचारत होतो, आणि ते मला वाटले त्यापेक्षा खूपच कठीण गेले.

मुलाला आता प्रतिकृती शोधण्याचा छंद लागला आहे. एका सांगाड्याच्या शेपटीतले शेवटचे मणके इतरांपेक्षा एकसारखे आणि फिकट दिसतात हे त्याने स्वतः हेरले, आणि फलकावर तसे लिहिलेले निघाल्यावर तिथल्या मार्गदर्शक ताईंनाही तो ते सांगून आला. वास की गर्दी, हे त्याला विचारले. त्याचे उत्तर तिसरेच होते: उंदराचे वाईट वाटले. आमच्या कोणाच्याही मनात ते आले नव्हते. मुलीने सांगितले, की दात नारिंगी होते आणि तिला ते किडलेले वाटले होते, म्हणून तिने ते घासून स्वच्छ करण्याचाही प्रयत्न केला.

एक शेवटचा प्रश्न "काचेआडून" यांना. पुढच्या महिन्यात चाळलेल्या गाळातून सूक्ष्म जीवाश्म निवडण्याची कार्यशाळा आहे, वय १० पासून पुढे. मुलीची नोंदणी करतो आहोत. मुलगा यात बसणार नाही हे या वेळी आम्ही मान्य केले आहे, त्याला मी ओळख-टेबलाकडे नेईन. त्याच्या खिशात सध्या तीन गोटे आहेत. मुलीसोबत एक प्रौढ लागतो, आणि माझ्या आईला जायचे आहे. ती ७१ वर्षांची आहे. तिला हे जमेल का, की उगाच अवघडून बसावे लागेल?

काचेआडून (प्रतिसाद)

जरूर पाठवा. वयोमर्यादा खालून असते, वरून नसते. काम बसूनच करायचे असते: काळ्या ताटलीत चिमूटभर वाळवलेला गाळ पसरायचा आणि ओल्या ब्रशच्या टोकाने दाणा दाणा बाजूला करत जायचे. समुद्री गाळ असेल तर शार्कचे दात मिळण्याची आशा ठेवावी. शार्कचा सांगाडा कूर्चेचा असल्यामुळे तो क्वचितच टिकतो, पण दात आयुष्यभर पडत आणि नवे येत राहतात, त्यामुळे एका माशामागे हजारो दात गाळात जमा होतात. ते चकाकतात, म्हणून वाळूच्या कणांत वेगळे दिसतात. तांदूळ निवडलेल्या हातांना हे काम आमच्या तरुण स्वयंसेवकांपेक्षा लवकर साधते असा माझा अनुभव आहे. भिंगे आम्ही देतो, पण जवळचे पाहण्याचा चष्मा त्यांनी आठवणीने आणावा. मागच्या खेपेला तीन आजोबा तो घरी विसरून आले होते आणि दीड तास नातवंडांच्या मागे नुसते उभे होते.